बेल्जियमचे अण्णाकाका

"हर्षू, त्यांना सांग, म्हणावं तुमचा डावा बूट नेदरलँड्समध्ये आलाय."

हे बाबा मला सांगत होते. ज्यांना सांगायचं ते माझे अण्णाकाका, म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ, दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"हर्षू, त्याला सांग, बूट बेल्जियममध्येच आहे. दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर वाढलाय."

"त्यांना सांग, माझा नंबर परवाच तपासलाय."

"त्याला सांग, दुसरा डॉक्टर बघ."

मी दोघांच्या मधे, हातात हिंडफिर टूर्सचा केशरी झेंडा घेऊन, एक पाय नेदरलँड्समध्ये आणि एक बेल्जियममध्ये टाकून उभी होते. माझ्या पायांमधून, फुटपाथच्या फरशीवरून, पांढऱ्या फुल्यांची रांग चालली होती. फुल्यांच्या एका बाजूला एनएल, दुसऱ्या बाजूला बी. दोन देशांची सरहद्द एवढीच. ना तारेचं कुंपण, ना शिपाई. एक मांजर बेल्जियममधून निघून नेदरलँड्समध्ये गेलं, कुंडीत बसलं आणि आमच्याकडे बघत राहिलं.

गावाचं नाव बार्ले. गाव नेदरलँड्समध्ये आहे, पण त्यात बेल्जियमचे तुकडे सांडल्यासारखे पडलेत. आणि त्यातल्या काही तुकड्यांच्या पोटात परत नेदरलँड्सचे तुकडे आहेत. बसमध्ये मी हे माइकवरून समजावून सांगितलं, तेव्हा इचलकरंजीच्या एक बाई म्हणाल्या, "म्हणजे पोळीत पुरण आणि पुरणात परत पोळी?"

"अगदी तसंच."

"मग लाटली कुणी?"

"जुन्या काळच्या सरदारांनी जमिनींच्या वाटण्या केल्या, त्यातून झालं."

"भाऊबंदकी!" त्या एकदम खूश झाल्या. "हे आधी सांगायचं नाही का? उगीच परदेश परदेश म्हणून घाबरत होते मी."

भाऊबंदकी हा शब्द निघाल्याबरोबर बसमधल्या निम्म्या माना उजवीकडे काकांकडे वळल्या आणि निम्म्या डावीकडे बाबांकडे. चार दिवसांत सगळ्या बसला सगळं कळलं होतं.

आमचं गाव गडहिंग्लज. तिथं थोरले नेसरीकर सर आणि धाकटे नेसरीकर सर, दोघंही भूगोलाचे मास्तर, दोन वेगळ्या शाळांतले. घरं समोरासमोर, मधे गल्ली. लहानपणी माझं जेवण या घरात आणि झोप त्या घरात, असं चालायचं. काका पृथ्वीचा गोल गर्रकन फिरवायचे, मी डोळे मिटून बोट टेकवायचं आणि बोटाखाली जो देश येईल त्याची एक गंमत काका सांगायचे. फ्रान्सची सगळ्यात लांब जमिनीवरची सरहद्द ब्राझीलशी आहे. चंद्राच्या व्यासापेक्षा ऑस्ट्रेलिया रुंद आहे. नेपाळचा झेंडा चौकोनी नाही. बोट समुद्रात पडलं तर एक शेंगदाण्याचा लाडू.

मग एका वर्षी गणेशोत्सवात मंडळानं सामान्यज्ञानाची स्पर्धा ठेवली. प्रश्न काढायला दोघं नेसरीकर सर, बक्षीस प्रेशर कुकर. शेवटचा प्रश्न होता बोलिव्हियाची राजधानी. एक मुलगी म्हणाली ला पाझ. काका म्हणाले बरोबर. बाबा म्हणाले चूक, सुक्रे. काका म्हणाले, सरकार ला पाझमध्ये बसतं. बाबा म्हणाले, राज्यघटनेत सुक्रे लिहिलंय. मग माइक एक होता आणि भाऊ दोन. ओढाओढीत "सुक्रे!" आणि "ला पाझ!" असं आळीपाळीनं एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी म्हणालं, मंडळानं बहुतेक दक्षिणेतला पुजारी आणलाय. शेवटी वायर तुटली. कुकर मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी गेला.

मी नंतर सगळं वाचून काढलं आणि दोघांना जाऊन सांगितलं, की तुम्ही दोघंही बरोबर आहात. त्यानं दोघंही माझ्यावर महिनाभर चिडले.

त्यानंतर बोलणं बंद. काका म्हणाले, दिग्यानं भर मंडपात थोरल्याला खोटं पाडलं, आता तो माझ्या दारात येऊन उभा राहीपर्यंत संबंध नाही. बाबा म्हणाले, मी त्यांच्या हद्दीत पाय टाकणार नाही. गल्लीच्या मधोमध गटार होतं. ते आपोआप सरहद्द झालं.

हे असंच चाललं असतं, पण माझं लग्न ठरलं. मार्गशीर्षातला मुहूर्त. आणि आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण दारात जाऊन द्यायचं असतं. घरच्या थोरल्याला तर पहिलं. कुरिअरनं पत्रिका पाठवली तर ती अपमान म्हणून ठेवून घेतात आणि पुढं वीस वर्षं पाहुण्यांना काढून दाखवतात. बाबा जाईनात, आणि न बोलावता काका येईनात. आईनं बाबांना समजावलं, काकूनं काकांना. मी तर सांगून टाकलं, काका नसतील तर मी मांडवात बसणार नाही. बाबा म्हणाले, "तुझी मर्जी." आणि आत जाऊन बराच वेळ नकाशे पुसत बसले.

तेव्हा मी कोल्हापूरच्या हिंडफिर टूर्समध्ये नवी नवी नोकरीला लागले होते. आमच्या मालकांच्या डोक्यातून एक सहल निघाली होती. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो, म्हणजे गावाची वेस ओलांडून बाहेर जातो, आपट्याची पानं सोनं म्हणून आणतो आणि एकमेकांना देतो. मालकांनी जाहिरात दिली: 'दसऱ्याला वेस काय ओलांडता? देश ओलांडा! एका सकाळी मोजता येणार नाहीत इतकी सीमोल्लंघनं. जेवण घरचं.' मी काकूला फोन केला. काकू म्हणाली, "दोघांचं बुकिंग कर. ह्यांना सांगू नकोस की भावजी आहेत. भावजींना सांगू नकोस की हे आहेत. पुढचं तिथं बघू." आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती घरी राहिली. निदान कारण तरी तेच दिलं.

मुंबई विमानतळावर दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघंही परत फिरले. पण बॅगा आत गेल्या होत्या.

तर त्या दसऱ्याच्या सकाळी बार्लेत बसमधून उतरताच काकांनी फुल्या बघितल्या आणि जाहीर केलं, "मी बेल्जियममध्ये राहणार." बाबा म्हणाले, "मग मी नेदरलँड्समध्ये." आणि दोघांनी ते पाळलं. लंगडीच्या चौकोनांत फिरावं तसे दोन निवृत्त मास्तर गावभर फिरत होते. बाबांचं बरं चाललं होतं, कारण नेदरलँड्स मोठा. काका मात्र बेल्जियमच्या एका तुकड्याच्या टोकाला पोचले आणि अडकले. पुढं नेदरलँड्स, डावीकडे नेदरलँड्स, उजवीकडे चॉकलेटचं दुकान, तेही नेदरलँड्स.

"अहो, या की इकडे," काकू दुकानातून ओरडली. "चव बघायला फुकट देतायत."

"हात लांब करून दे."

"हात पोचत नाही."

"मग राहू दे. माझी तत्त्वं आहेत."

"तत्त्वं तोंडात विरघळत नाहीत," म्हणून काकूनं चॉकलेट स्वतःच खाल्लं.

इकडे सीमोल्लंघनाचा कार्यक्रम पार फसला होता. मालकांच्या सूचनेप्रमाणे सगळ्यांनी एका बाजूला उभं राहायचं, 'सीमोल्लंघन' म्हटल्यावर सरहद्द ओलांडायची, सोनं वाटायचं आणि बॅनरसह फोटो. झाडाची पानं विमानातून नेली तर भानगड होईल म्हणून मालकांनी सोनेरी पुठ्ठ्याची आपट्याची पानं कापून दिली होती. सगळ्यांनी उत्साहानं सरहद्द ओलांडली आणि उत्साह इतका, की थांबायच्या आत पलीकडची सरहद्दही ओलांडून परत नेदरलँड्समध्ये पोचले.

"हे सीमोल्लंघन धरायचं का परत आलो धरायचं?" सांगलीचे एक वकील म्हणाले.

"परत चला, मग पुन्हा करू."

"पण सीमोल्लंघन ईशान्येला करतात!"

"इथली ईशान्य कुठं?"

अर्धे इकडे, अर्धे तिकडे, बॅनरचे दोन दांडे दोन देशांत, अशा गोंधळात पाऊस भुरभुरायला लागला आणि लोक मिळेल त्या आडोशाला पळाले. बाबा, काका, काकू आणि मी एका घराच्या पुढच्या छपराखाली आलो. आणि तिथंच बाबांना तो बूट दिसला.

बुटाचं भांडण रंगात आलं होतं, तोवर माझं लक्ष आमच्या पाठीमागं असलेल्या त्या घराच्या दाराकडे गेलं. फुल्यांची रांग फुटपाथवरून थेट त्या दाराच्या मधोमध गेली होती. दाराच्या डाव्या बाजूला एक घर नंबर आणि शेजारी नेदरलँड्सचा झेंडा, उजव्या बाजूला दुसरा नंबर आणि बेल्जियमचा झेंडा.

"काकू, बघ गं. इथं ज्या देशात पुढचं दार, त्या देशातलं घर, असा नियम आहे. पण हे दारच सरहद्दीवर आलंय. म्हणून या घराला दोन पत्ते."

काकूनं दाराकडे बघितलं. मग काकांकडे. मग बाबांकडे. मग परत दाराकडे. स्वयंपाकघरात मीठ किती घालायचं हे ठरवताना तिचा चेहरा असाच होतो.

तेवढ्यात दार उघडलं. आत एक आजी, पांढरे केस, निळा स्वेटर. दारात कसला आवाज चाललाय, हे बघायला आल्या असणार. काकूनं पर्समधून सोनेरी पुठ्ठ्याचं पान काढलं, आजींच्या हातात ठेवलं, त्यांचे दोन्ही हात धरले आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

आजींनी पान उलटंसुलटं केलं, छातीशी धरलं आणि इंग्रजीत मला विचारलं, "तुम्ही सगळे एका कुटुंबातले?"

"काय म्हणतायत?" काकू म्हणाली.

"आपण एका कुटुंबातले का, विचारतायत."

"होय म्हण. हे सख्खे भाऊ आहेत म्हण."

मी सांगितलं. आजी म्हणाल्या, पाऊस आहे, आत या, कॉफी घ्या. काकू आत गेली. पण लगेच वळून दारासमोर उभी राहिली. "या की आता. का आमंत्रण द्यायला माणूस पाठवू?"

काका थोरले, म्हणून आधी निघाले. पण बेल्जियमच्या अर्ध्या दारातून, सरहद्दीला अंग न लागू देता. बाबांना वाटलं असणार, माझ्या देशातून जायला मी का थांबू? तेही निघाले, नेदरलँड्सच्या अर्ध्या दारातून. दोघांच्या अंगात थंडीसाठी घेतलेली फुगीर जाकिटं. काकांच्या गळ्यात कॅमेरा, काखेत छत्री, कमरेला पासपोर्टचा पट्टा. बाबांच्या पाठीवर ती सहलीची बॅग, जी त्यांनी घरातून निघाल्यापासून काढलीच नव्हती.

दोघं एकाच वेळी चौकटीत शिरले आणि तिथंच थांबले.

बाबांनी जोर लावला. काकांनी जोर लावला. जाकिटं कुचकुचली. कुणीही तसूभर सरहद्दीकडे सरकेना, आणि मागं यायचा तर प्रश्नच नव्हता.

"हर्षू, त्यांना सांग," बाबा धापा टाकत म्हणाले आणि त्यांना मान वळवता येईना. मी त्यांच्या मागं होते, त्यांना दिसत नव्हते. नाकासमोर काकांचा कान होता. "अण्णा, पोट आत घे की!"

एव्हाना बसमधली बाकीची माणसंही छपराखाली जमली होती. इचलकरंजीच्या बाईंनी वकिलांचा दंड धरला.

काका उसळले. "पोट? दिग्या, पोट माझं नाही, तुझी बॅग आहे ती! काय भरलंयस एवढं?"

"चकल्या."

"भाजणीच्या?"

"मग काय मैद्याच्या?"

मी बाबांची बॅग धरून ओढायला पुढं झाले, तर आतून काकूचा आवाज आला. "हर्षू, मागं हो."

"अगं काकू, त्या आजींच्या दारात असं—"

"मागं हो म्हणते ना. कुणीही हात लावायचा नाही." आणि ती कमरेवर हात ठेवून त्या दोघांच्या समोर उभी राहिली. "भावजी, आत्ता तुम्ही कुठल्या देशात आहात?"

"नेदरलँड्समध्ये, वहिनी. पूर्ण."

"ह्यांच्या हद्दीत पाय टाकलाय?"

"छे! बोटसुद्धा नाही."

"आणि तुम्ही हो?"

"बेल्जियममध्ये," काका म्हणाले. "तूच बघ खाली."

"बघितलं. आता सांगा, दारं किती आहेत?"

दोघं खाली फुल्यांकडे बघायला लागले.

"भूगोलाचे मास्तर ना तुम्ही? दारं किती?"

"एक," काका म्हणाले.

"म्हणजे भावजी तुमच्या दारात येऊन उभे राहिलेत. आणि तुमच्या हद्दीत त्यांनी पाय टाकलेला नाही. दोघांचंही झालं. झालं की नाही?"

काका विचार करत होते. पन्नास वर्षं नकाशे वाचलेल्या माणसाला त्यात खोट सापडेना, हे त्यांच्या मानेवरून मला मागूनसुद्धा दिसत होतं. "तांत्रिकदृष्ट्या," ते म्हणाले, "झालं."

"मग भावजी, आता बोला. तोवर दोघंही इथंच."

बाबांनी घसा खाकरला. मला वाटलं, ते भांडतील. पण चौकटीत अडकलेले माझे बाबा, एका परक्या आजींच्या दारात, पत्रिका वाचावी तसे म्हणाले, "आमचे येथे श्रीकृपेकरून, आमची ज्येष्ठ कन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हर्षदा हिचा शुभविवाह—"

"मुलाचं नाव?" काका मधेच म्हणाले.

"निरंजन. तुला माहितीय की. सगळ्या गल्लीला माहितीय."

"गल्लीला माहितीय. मला कुणी सांगितलं होतं?"

बाबांनी जोर लावायचं सोडलं.

"निरंजन," बाबा हळू म्हणाले. "पाटबंधारे खात्यात आहे. मुलगा चांगला आहे, अण्णा. जरा कमी बोलतो."

"आपल्या घरात येतोय तर बरंच आहे ते. मुहूर्त?"

"मार्गशीर्षात. गोरज."

"बरं. येतो मी."

"येतो म्हणजे? पाहुण्यासारखा अक्षता टाकून जाणार? मांडव कोण घालून घेणार? आचारी मला फसवतो, तुला माहितीय."

"त्या चंदगडच्या आचाऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं."

"गाढवा, तो जिलबी कच्ची काढतो! मला विचारलं असतंस तर!" काका एवढ्या जोरात ओरडले, की आतल्या आजी कॉफीची किटली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी दोघांकडे बघितलं आणि मला विचारलं, "ते ठीक आहेत ना?"

"हो. ते लग्नाचं आमंत्रण देतायत."

"दारात उभं राहून?"

"आमच्यात दारातच देतात."

आजींनी समजल्यासारखी मान हलवली. काकू बाजूला झाली, मी बॅगेचा पट्टा सोडवला आणि दोघं बूच निघावं तसे आत गेले.

आत फुल्या नव्हत्या, गालिचा होता. सरहद्द कुठून जाते, असं दोघांनी एकदम विचारलं. आजी म्हणाल्या, कुठून तरी कपाटाखालून जाते, नेमकं आठवत नाही. दोघं एकाच सोफ्यावर बसले. आजींनी कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्किट दिलं आणि डबा बंद करून टाकला. मग बाबांनी चकल्या काढल्या. निम्म्यांचा चुरा झाला होता. काका तो चुरा बोटानं टिपून खात होते आणि म्हणत होते, मीठ कमी पडलंय.

काका लग्नाला पाहुण्यासारखे आले नाहीत. ते आधी चार दिवस येऊन बसले. त्यांनी आचारी बदलला, मांडववाल्याला रडवलं आणि बाबांशी रोज दोनदा भांडले. लग्नादिवशी मी शालू नेसून बसले होते, तेव्हा आत आले. इकडे तिकडे बघितलं.

"हर्षू, एक सांगतो. दिग्याला बोलू नकोस. त्या दारातून मी केव्हाही निघालो असतो. कमरेचा पट्टा सैल केला की झालं होतं. पण तो बिचारा अडकला होता. मी निघालो असतो तर चारचौघांत त्याची फजिती झाली असती. म्हणून थांबलो."

"नाही बोलणार, काका."

त्यानंतर किती तरी वर्षांनी, माझी मुलगी शाळेत जायला लागल्यावर, मी माहेरी आले होते. बाबा तिला सांगत होते की इंडोनेशियाचा आणि मोनॅकोचा झेंडा सारखाच दिसतो. ती खेळायला पळाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"हर्षू, कुणाला सांगू नकोस. तेव्हा त्या दारात मी काही अडकलो नव्हतो. बॅग खांद्यावरून सोडली असती तर सुटलो असतो. पण अण्णा अडकला होता. वय झालेलं, त्यात थोरला. त्याला एकट्याला तिथं सोडून कसा जाणार?"

मला हसू आवरेना, म्हणून मी गल्ली ओलांडून काकूकडे गेले. ती मेथी निवडत बसली होती. तिला दोघांचंही सांगितलं. कुणाला सांगायचं नव्हतं, पण काकू म्हणजे कुणी नव्हे.

तिनं मान वर केली नाही. "हे मला माहीत नव्हतं होय? ह्यांच्या कमरेचं माप मी शिंप्याला तोंडपाठ सांगते. त्या दारातून हे, भावजी आणि मधे मी, असे तिघं आरामात गेलो असतो."

"मग मला तू ओढू का दिलं नाहीस?"

"ओढलं असतंस," काकू काड्या बाजूला टाकत म्हणाली, "तर सुटले असते ना."